हात दाखवून अवलक्षण: खेळातले प्रचाराचे हॅशटॅग उलटे का फिरतात?

आयपीएल असो, वर्ल्ड कप असो नाहीतर ऑलिंपिक, एक प्रकार अधूनमधून बघायला मिळतोच. एखादी टीम किंवा स्पॉन्सर कंपनी मोठ्या थाटात हॅशटॅग काढते, तो बघता बघता ट्रेंडिंगला वर येतो, आणि संध्याकाळपर्यंत तीच कंपनी पोस्ट डिलीट करून माफी मागत असते. सोशल मीडियावर पडीक नसलेल्या माणसाला हे काही झेपतच नाही, म्हणजे एक नंबरवर आलात तर पेढे वाटायचे सोडून तोंड का लपवताय? घरातले काका-मामा सरळ विचारतात, "अरे पण एवढ्या लोकांनी नाव घेतलं ना, मग बिघडलं कुठे?" प्रश्न अजिबात बावळट नाहीये. कित्येक मार्केटिंगवाल्यांनाही याचं उत्तर माहीत नसावं असं त्यांचे उद्योग बघून वाटतं, म्हणून जरा मुळापासून बघू.

हॅशटॅग म्हणजे मुळात काय

शब्दाच्या आधी # हे चिन्ह लावलं की तो शब्द लिंक होतो, आणि त्यावर क्लिक केलं की तोच शब्द वापरून कोणी कोणी काय काय लिहिलंय ते एका जागी दिसतं, बस. २३ ऑगस्ट २००७ ला क्रिस मेसिना नावाच्या अमेरिकन माणसाने ट्विटरवर ही आयडिया मांडली, आणि गंमत म्हणजे तो ट्विटरचा नोकर नव्हता, साधा वापरणारा होता. त्याने त्याचं पेटंटही घेतलं नाही. त्यामुळे हॅशटॅगला मालक नसतो. कोणीही काढावा, कोणीही वापरावा, आणि ज्याने काढला त्याच्याच विरोधात वापरला तरी थांबवायचं बटण त्याच्याकडे नाही.

चौकात गणपती मंडळाचा फळा असतो ना, तसं समजा. मंडळाने वर मोठ्या अक्षरात 'आमच्याबद्दल दोन शब्द लिहा' असं लिहिलं, खाली खडू ठेवला आणि सगळे कार्यकर्ते जेवायला घरी गेले. आता ज्याला गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब अजून मिळालेला नाही तो माणूस त्या फळ्यावर काय लिहील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फरक एवढाच की चौकातला फळा रात्रीतून पुसता येतो, इथे तुम्ही पुसेपर्यंत हजार लोकांकडे स्क्रीनशॉट गेलेला असतो.

मालक नसतो ही गोष्ट काहींना पटत नाही बरं का. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या आधी अमेरिकेच्या ऑलिंपिक कमिटीने स्पॉन्सर नसलेल्या कंपन्यांना पत्रं पाठवली की #रिओ२०१६ आणि #टीमयूएसए हे हॅशटॅग तुम्ही वापरायचे नाहीत, ते आमचे ट्रेडमार्क आहेत. झालं, मिनेसोटामधली एक कार्पेट धुणारी कंपनी उठली आणि थेट कोर्टात गेली, की आम्ही आमच्या खेळाडूंना शुभेच्छा पण द्यायच्या नाहीत का? कोर्टाने पुढच्या वर्षी ती केस मूळ प्रश्नात न शिरताच काढून टाकली, पण तोपर्यंत जगभरच्या पेपरात कमिटीचं हसं होऊन गेलं होतं.

ट्रेंडिंग नक्की मोजतं काय

इथे बहुतेकांची गल्लत होते. ट्रेंडिंग म्हणजे लोकप्रियता नाही. एखाद्या शब्दाचा वापर थोड्या वेळात अचानक किती वाढला हे प्रामुख्याने त्यात बघितलं जातं, लोक खूश होऊन लिहितायत की शिव्या घालतायत याच्याशी त्या यादीला काही देणंघेणं नसतं. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडला आपली टीम ३६ रन्समधे गुंडाळली गेली, त्या दिवशी कोणी "वा रे वाघांनो, काय बॅटिंग केलीत!" असं लिहिलं असेल तर मोजणाऱ्या मशीनच्या लेखी ती फक्त आणखी एक पोस्ट. माणसाला त्यातला टोमणा लगेच कळतो, आकड्याला कळत नाही.

आणि यातला सगळ्यात मोठा पेच असा की टीका करायची तरी लोक तोच हॅशटॅग वापरतात, म्हणजे जितकी जास्त टीका तितका हॅशटॅग वर, आणि जितका वर तितके "काय झालंय रे?" म्हणून डोकवायला येणारे जास्त, आणि जे डोकवायला येतात ते मोकळ्या हाताने परत जात नाहीत, एक जोक टाकूनच जातात. कंपनीने सोडलेला हॅशटॅग लोकांनी असा आपल्या ताब्यात घेतला की त्याला हायजॅक झाला म्हणतात. कौतुकाची पोस्ट कोणी फारशी फॉरवर्ड करत नाही, खवचट जोक मात्र फॅमिली ग्रुपपर्यंत पोचतो, हे आपल्याला काय वेगळं सांगायला हवं.

"आमच्या हिरोला काहीही विचारा"

आता खरं उदाहरण घेऊ, आणि हे नीटच बघण्यासारखं आहे. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी ही अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधलं मोठं प्रस्थ (फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून खेळतात तो). त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून टीमचं आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जेमिस विन्स्टन. डिसेंबर २०१३ मधे त्याने हाइजमन ट्रॉफी जिंकली, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, आणि पुढच्याच महिन्यात टीम देशात चॅम्पियन. त्यामुळे १० ऑगस्ट २०१४ ला, नवीन सीझनच्या तोंडावर, टीमच्या अकाउंटवरून पोस्ट आली की जेमिसला काही विचारायचंय? #आस्कजेमिस लावून विचारा, तुमचा प्रश्न निवडला जाऊ शकतो.

कागदावर आयडिया झकास. पण याच जेमिसवर एका विद्यार्थिनीने डिसेंबर २०१२ मधल्या घटनेवरून बलात्काराचा आरोप केला होता. त्याने तो नाकारला होता आणि सरकारी वकिलांनी डिसेंबर २०१३ मधे गुन्हा दाखल होणार नाही असं जाहीर केलं होतं. पण पोलिसांनी आणि युनिव्हर्सिटीने तपास किती ढिसाळ केला यावर पेपरात रकानेच्या रकाने आले होते आणि युनिव्हर्सिटीने तक्रार कशी हाताळली याची केंद्र सरकारच्या पातळीवर चौकशी चालू होती. त्यात एप्रिल २०१४ मधे हा पठ्ठ्या एका सुपरमार्केटमधून सुमारे ३२ डॉलरचे खेकड्याचे पाय पैसे न देता घेऊन बाहेर पडला आणि त्यात पकडला गेला.

मग काय विचारणार लोक? अर्ध्यांनी खेकड्यांवरून टिंगल केली, उरलेल्यांनी त्या केसबद्दल बोचरे प्रश्न विचारले, आणि ज्यांना अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही अशांनाही त्या दिवशी ही सगळी प्रकरणं कळली. माझ्या मते हाच खरा मार होता. टिंगल दोन दिवसांत विसरली जाते, पण ज्या गोष्टीवर पडदा पडावा म्हणून युनिव्हर्सिटी धडपडत होती ती त्यांनीच स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकाउंटवरून, देशभर नेऊन पोचवली. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच. पुढे जानेवारी २०१६ मधे त्या विद्यार्थिनीने युनिव्हर्सिटीवर केलेला दावा साडेनऊ लाख डॉलरवर मिटला, म्हणजे २०१४ च्या त्या रविवारी हिशोब खरोखरच थकलेला होता, आणि अकाउंट चालवणाऱ्याने फळ्याखाली खडू ठेवताना तेवढं बघितलं नव्हतं.

लोकांच्या डोक्यातला राग हॅशटॅगमुळे तयार होत नाही, तो आधीपासून असतोच, फक्त विखुरलेला असतो. कोणी चहा पिताना बोलतं, कोणी कमेंटमधे. हॅशटॅग त्याला एक पत्ता देतो.

माणूस नाही, मशीनच उत्तर देतंय, मग तर बघायलाच नको

वरच्या प्रकारात निदान लोकांची काहीतरी तक्रार होती. दुसऱ्या प्रकारात तक्रार वगैरे काही नाही, निव्वळ खोडसाळपणा, आणि तो शक्य होतो कारण कंपनी उत्तर द्यायचं काम मशीनवर सोडते.

वॉकर्स ही ब्रिटनमधली वेफर्सची कंपनी, आपल्याकडे जे लेज मिळतं त्याचाच तिकडचा अवतार, मालक दोन्हीकडे पेप्सिकोच. ३ जून २०१७ ला कार्डिफला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लब फुटबॉलची, फायनल होती, तिची तिकिटं बक्षीस ठेवून त्यांनी मे महिन्यात #वॉकर्सवेव्ह काढला. तुम्ही तुमचा सेल्फी पाठवायचा, की काही वेळात कंपनीच्या अकाउंटवरून एक व्हिडिओ येणार, त्यात इंग्लंडचा माजी फुटबॉल स्टार गॅरी लिनेकर तुमचा फोटो हातात धरून दाखवतोय आणि मागे स्टेडियमभर लोक तसेच फोटो वर करत मेक्सिकन वेव्ह करतायत. लिनेकरचं शूटिंग एकदाच झालेलं, हातातल्या कागदाची जागा रिकामी, येईल तो फोटो तिथे आपोआप चिकटवायचा आणि पोस्ट करायचं.

लोकांनी काय पाठवलं? सिरियल किलर फ्रेड वेस्ट. आपल्या पेशंटना मारणारा डॉक्टर हॅरल्ड शिपमन. लहान मुलांच्या लैंगिक शोषणासाठी कुप्रसिद्ध झालेला टीव्हीवाला जिमी सॅव्हिल. आणि तो गॅरी लिनेकर, ब्रिटनमधला घराघरातला चेहरा, एकेकाचा फोटो हातात धरून प्रसन्नपणे हसतोय, आणि ते सगळं वॉकर्सच्या अधिकृत अकाउंटवर. कंपनीने घाईघाईने सगळं बंद केलं, माफी मागितली. लिनेकरने आपला आजचा दिवस भलत्याच लोकांच्या संगतीत गेला अशा अर्थाचा विनोद करून विषय संपवला, त्याचं बरं, त्याला विनोद करता आला.

आता म्हणाल की फोटो ओळखणं मशीनला अवघड, अक्षरं तरी ओळखता येतील. तेही बघू. नोव्हेंबर २०१४ मधे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन टीमचे दहा लाख फॉलोअर्स झाले, त्या आनंदात त्यांनी फॉलोअर्सना त्यांच्याच अकाउंटचं नाव पाठीवर छापलेल्या जर्सीचे फोटो आपोआप पाठवायला सुरुवात केली. एका अकाउंटचं नावच कृष्णवर्णीयांना दिलेली घाणेरडी शिवी होती. छापली गेली जर्सीवर. टीमने कबूल केलं की आमची फिल्टर सिस्टिम फेल गेली.

बरोबर पाच वर्षं पण झाली नाहीत तोवर, जुलै २०१९ मधे, आदिदासने आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या नव्या जर्सीसाठी #डेअरटूक्रिएट या हॅशटॅगखाली अगदी हाच खेळ मांडला. अकाउंटचं नाव घ्यायचं, लाल जर्सीच्या पाठीवर छापायचं, खाली दुकानाची लिंक. यावेळी हिटलरची नावं आली, ज्यूंबद्दलच्या धमक्या आल्या, आणि १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत मेलेल्या लिव्हरपूलच्या ९६ प्रेक्षकांची (आता तो आकडा ९७ धरतात) क्रूर थट्टा करणारं नाव आलं. ते शेवटचं जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्पॉन्सरलाही सुट्टी नाही

टीमचा दोष असो नसो, शेजारी उभं राहिलं तरी शिंतोडे उडतात. २०१४ च्या सोची विंटर ऑलिंपिकसाठी मॅकडोनाल्ड्सने #चीअर्सटूसोची काढला, आवडत्या खेळाडूला शुभेच्छा पाठवा म्हणून. पण रशियाने जून २०१३ मधे समलैंगिकतेच्या तथाकथित प्रचारावर बंदी घालणारा कायदा केला होता आणि त्यावरून जगभर आंदोलनं चालू होती. कार्यकर्त्यांनी शुभेच्छांच्या त्याच हॅशटॅगवर रशियातल्या मारहाणीचे फोटो आणि स्पॉन्सरना प्रश्न टाकायला सुरुवात केली. कायदा काही मॅकडोनाल्ड्सने केला नव्हता. पण पुतिन सरकार उत्तर देणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, बर्गर विकणाऱ्याला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे का?

आपल्याकडे एक तिसरा प्रकार जास्त चालतो, बढाईचा. २०१५ च्या वर्ल्ड कपला स्टार स्पोर्ट्सचा हॅशटॅग होता #वोंटगिव्हइटबॅक, म्हणजे २०११ ला जिंकलेला कप आम्ही परत देणार नाही. ऐकायला भारीच. सात मॅच ओळीने जिंकल्या तोपर्यंत अंगात वारंच भरलं होतं. २६ मार्चला सिडनीत ऑस्ट्रेलियाने ३२८ केले, आपण ९५ रन्सने हरलो, आणि ज्या हॅशटॅगवर आदल्या दिवसापर्यंत तिरंगे फडकत होते त्यावर "दिला की हो परत" असल्या टोमण्यांची रांग लागली. बढाईच्या हॅशटॅगची हीच गोची असते, तो खरा ठरणार की खोटा हे मार्केटिंगवाल्यांच्या हातातच नसतं, ते स्टीव्ह स्मिथच्या बॅटवर ठरतं.

त्याच वर्ल्ड कपमधली 'मौका मौका' जाहिरात तर सगळ्यांना पाठ आहे. १९९२ पासून भारताविरुद्ध जिंकल्यावर उडवायचे म्हणून फटाके जपून ठेवलेला पाकिस्तानी फॅन, आणि ते फटाके काही उडत नाहीत. जाहिरात म्हणून मस्तच होती, माझी आजही आवडती आहे, पण तिच्यात दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेवर बोट होतं आणि असल्या गोष्टी लोक विसरत नाहीत. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानने दहा विकेट्सने हरवलं, एकही विकेट न गमावता १५२, वर्ल्ड कपमधला १२-० चा आपला रेकॉर्ड संपला, आणि त्या रात्री सीमेपलीकडून 'मौका मौका' परत आला, तोही व्याजासकट. साडेसहा वर्षांनी! हॅशटॅगला एक्स्पायरी डेट नसते हे त्या रात्री कळलं.

राजकारण पण यातून सुटत नाही. मे २०१८ मधे तेव्हाचे क्रीडामंत्री राज्यवर्धनसिंह राठोड यांनी ऑफिसमधे पुशअप्स मारतानाचा व्हिडिओ टाकून #हमफिटतोइंडियाफिट सुरू केला, कोहलीला चॅलेंज दिलं, कोहलीने ते स्वीकारून पुढे पंतप्रधानांना दिलं, त्यांनी पण स्वीकारलं. मोहीम म्हणून ती जोरात चालली, लोकांनी व्हिडिओ टाकले, नाही म्हणायचं कारण नाही. पण त्याच आठवड्यात मुंबईत पेट्रोल लिटरला ८५ रुपयांच्या वर होतं. राहुल गांधींनी लगेच #फ्युएलचॅलेंज काढला, कोहलीचं चॅलेंज घेतलंत तसं आता पेट्रोलचे भाव कमी करायचं माझं पण घ्या. तेजस्वी यादवांनी रोजगाराचं दिलं. पुढे पंतप्रधानांनी कर्नाटकचे मुख्यमंत्री कुमारस्वामींना फिटनेस चॅलेंज दिलं तर ते म्हणाले मला माझ्या राज्याच्या विकासाच्या फिटनेसची जास्त काळजी आहे. 'मी तुला, तू त्याला' ही रचनाच अशी आहे की खडू फिरत फिरत विरोधकाच्या हातात जातोच.

आणि मुंबई इंडियन्सला कसं विसरणार. #वनफॅमिली हा त्यांचा जुना हॅशटॅग. १५ डिसेंबर २०२३ ला रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केल्याचं जाहीर झालं आणि लाखो लोकांनी टीमला अनफॉलो केलं. टोमणे मारायला वेगळा शब्द शोधायचीही गरज नव्हती, 'फॅमिली' तयारच होती. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर, स्वतःच्या घरच्या मैदानावर, टॉसला हार्दिकची हुर्यो उडाली आणि संजय मांजरेकरला पब्लिकला नीट वागा म्हणून सांगावं लागलं. टीम त्या सीझनला शेवटच्या नंबरवर. पण पुढचं बघा, जूनमधे हार्दिकने वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर टाकली, ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली आणि त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. म्हणजे पब्लिकचा राग हार्दिकवर कमी होता, निर्णय ज्या पद्धतीने गळी उतरवला त्यावर जास्त होता, असं मला तरी वाटतं. रोजच्या पोस्टवर 'आपण एक कुटुंब' लिहायचं आणि घरातला मोठा निर्णय कुटुंबाला प्रेस रिलीजमधून कळवायचा, तर कुटुंब भांडणारच.

"पण बदनामी झाली तरी नाव तर झालं ना?"

काकांचा प्रश्न. तर, होतं नाव, नाही असं नाही, पण कोणाचं नाव कशासाठी होतंय ते बघावं लागतं. आधी कोणाला माहीतच नसलेल्या छोट्या कंपनीला कदाचित फायदा होईलही. फ्लोरिडा स्टेट, आदिदास, मुंबई इंडियन्स यांना कोण ओळखत नाही? त्यांना ओळख नको होती, चांगुलपणा हवा होता, आणि नेमका तोच गेला.

"मग फिल्टर लावा की चांगला"

लावतातच. पण फिल्टर म्हणजे बहुतेक वेळा नको असलेल्या शब्दांची एक यादी. त्या यादीला चकवणं पोरासोरांचं काम आहे, एका अक्षराच्या जागी आकडा टाकायचा, मधे स्पेस द्यायची, रोमनमधे मराठी शिवी लिहायची तर तिचं स्पेलिंग पाच जण पाच प्रकारे करतात. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली ती हिल्सबरोची थट्टा, तिच्यात शिवी नव्हतीच हो. 'शहाण्णव पुरेसे नव्हते' अशा अर्थाचे साधे शब्द, त्यातला कुठला यादीत टाकणार? ९६ हा आकडा? इंग्लंडमधे फुटबॉल बघणाऱ्या कोणालाही ते वाचून अंगावर काटा येतो, मशीनला त्यात एक संख्या दिसते.

माझा एक मित्र अशाच एका एजन्सीत आहे, तो सांगतो की उपाय सगळ्यांना माहीत असतो, प्रत्येक पोस्ट जायच्या आधी माणसाने बघून हिरवं बटण दाबायचं. पण मग एका मिनिटात येणारं उत्तर तासाने जातं, क्लायंट म्हणतो मजा गेली, आणि शनिवार-रविवारी बटण दाबायला बसवायचं कोणाला हा वेगळा वाद.

"थोडे ट्रोल असतात, त्यांना कशाला भाव द्यायचा?"

हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं कुठलं हे ओळखता आलं पाहिजे. वॉकर्स किंवा आदिदासच्या वेळी जे झालं ते निव्वळ टवाळांचं काम, ऑटोमॅटिक मशीन बंद केलं की विषय संपला. पण #आस्कजेमिस किंवा सोचीवाल्यांना ट्रोल म्हणणं म्हणजे हिशोब मागणाऱ्याला भांडखोर म्हणण्यासारखं आहे. तिथे हॅशटॅग मागे घेऊन काही होत नाही, लोक दुसरा काढतात. पाकिस्तान क्रिकेट बोर्डाचंच घ्या, ऑगस्ट २०२३ मधे स्वातंत्र्यदिनाला त्यांनी पाकिस्तानी क्रिकेटच्या इतिहासाचा व्हिडिओ टाकला आणि त्यातून १९९२ चा वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन इम्रान खानच गायब! इम्रान तेव्हा जेलमधे होता. हॅशटॅग बोर्डाने काढला नव्हता, लोकांनीच #शेमऑनपीसीबी काढून दिला, वसीम अक्रमने व्हिडिओ डिलीट करा आणि माफी मागा म्हणून जाहीर सुनावलं, आणि बोर्डाला इम्रानला घालून नवा व्हिडिओ टाकावा लागला.

"म्हणजे हसं झालं की सगळं संपलंच?"

तसंही नाही. आरसीबीचं 'ई साला कप नमदे', म्हणजे यंदा कप आपलाच, वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होतं, दर वर्षी हरायचे आणि दर वर्षी लोक तेच वाक्य त्यांच्या तोंडावर मारायचे. २०२३ मधे कॅप्टन फाफ डू प्लेसिसने कार्यक्रमात चुकून 'ई साला कप नही' म्हटलं आणि शेजारी बसलेल्या कोहलीला हसू आवरेना. पण त्यांनी ते वाक्य टाकलं नाही, स्वतःवर हसत राहिले. आणि १७ मार्च २०२४ ला आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने महिलांचा कप जिंकून कन्नडमधे सांगितलं की यंदा कप आपला झाला, तेव्हा वर्षानुवर्षांची चेष्टा खाल्लेल्या त्या वाक्यानेच सगळ्यात जास्त टाळ्या घेतल्या.

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, तिने २०१६ च्या ऑल-स्टार मॅचसाठी ऑनलाइन मतदान ठेवलं तर लोकांनी गंमत म्हणून जॉन स्कॉटला निवडलं, हा गोल करण्यापेक्षा मारामारीसाठी प्रसिद्ध. लीगने त्याला नाव मागे घ्यायला सुचवलं, मधेच त्याची टीम पण बदलली गेली, तेव्हा पब्लिक आणखी चिडलं. शेवटी खेळू दिलं, त्याने दोन गोल मारले, सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्याचं नाव पर्यायांत नसतानाही लोकांनी स्वतः लिहून त्याला जिंकवलं. लीगने आडमुठेपणा सोडला त्या क्षणी तोच जोक त्यांची त्या वर्षीची सगळ्यात गोड बातमी झाला.

उलट कधी कधी सगळे खूश असतानाच अंगावर येतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नसतं. ३ जून २०२५ ला आरसीबीच्या पुरुषांनी पहिल्यांदा आयपीएल जिंकली, दुसऱ्या दिवशी सकाळपासून टीमच्या अकाउंटवरून बेंगळुरूतल्या विजयी मिरवणुकीच्या पोस्ट सुरू झाल्या. तिथल्या चिन्नास्वामी स्टेडियमची क्षमता पस्तीस हजारांच्या आसपास. बाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. केंद्रीय प्रशासकीय लवादाने पुढच्या महिन्यात नोंदवलं की पोलिसांची परवानगी न घेता सोशल मीडियावर टाकलेल्या पोस्टमुळे तीन ते पाच लाखांची गर्दी जमली आणि त्याला प्रथमदर्शनी आरसीबी जबाबदार दिसते.

एवढं सगळं होऊन कंपन्या शिकत का नाहीत?

पेट्रियट्सची जर्सी २०१४ ची, आदिदासची २०१९ ची, चूक तीच. मला विचाराल तर याचं कारण अकाउंट कोण चालवतं यात आहे. हॅशटॅग ठरवणारी एजन्सी वेगळी, ज्याला कोर्टातली केस माहीत आहे तो वकील वेगळ्या मजल्यावर, प्रेक्षक कशावरून चिडलेत हे ज्याला माहीत आहे तो तिकीट खिडकीवर, आणि या तिघांची कधी गाठच पडत नाही. त्यात महिन्याच्या शेवटी जो रिपोर्ट जातो त्यात किती लोकांनी बघितलं, किती वेळा वापरला, कितीव्या नंबरवर ट्रेंड झाला एवढेच रकाने असतात, लोक काय म्हणाले याचा रकाना बहुतेकदा नसतोच. तशा रिपोर्टमधे #आस्कजेमिस त्या महिन्यातला सगळ्यात यशस्वी हॅशटॅग दिसला असता.